डोहातली सुसर

मुलांसाठी प्राण्यांचं एक पुस्तक इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. पानागणिक एक प्राणी, मोठं चित्र, खाली चार-पाच ओळी. २६व्या पानावर मगर होती, ती सहज उतरली. २७व्या पानावर तिच्यासारखाच दिसणारा ॲलिगेटर होता आणि प्रकाशनाकडून आलेल्या शब्दांच्या यादीत त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'सुसर'. यादी समोर ठेवायची आणि शब्द टाकत पुढे जायचं, अशी या कामातली रीत. मी 'सुसर' टाइप केलं. मग बराच वेळ त्या तीन अक्षरांकडे बघत बसले.

सुसर मला लहानपणापासून ठाऊक होती. पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाव निफाड तालुक्यात, गोदेच्या काठावर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तो नांदूर मधमेश्वरचा बंधारा तिथून फार लांब नाही. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं गावी असायचो. दुपारी ओसरीवर आडवी व्हायच्या आधी आजी एकेकाला बजावायची, "डोहाकडं जायचं नाही. सुसर आहे तिथं." सुसर कशी असते हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. मग आंब्याच्या सावलीत बसून आम्ही ती आपापली बनवायचो. चुलतभावाची सुसर बैलगाडीएवढी होती. माझी हिरवट, शेवाळलेली, डोळे मिटून पडलेली. त्या डोहात खरोखर कधी काही होतं का, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. पण आजीच्या तोंडी तो शब्द होता, आणि तो तिला तिच्या आजीकडून आलेला होता.

तीच सुसर मी ॲलिगेटरच्या फ्लोरिडातल्या तळ्यात कशी नेऊन सोडू?

त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही. वाचत बसले, आणि ते वाचन पुढे कित्येक आठवडे चाललं.

ॲलिगेटरच्या जगात आज दोनच जाती उरल्यात. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातली, दुसरी चीनमधली, यांगत्से नदीच्या खोऱ्यात तग धरून राहिलेली. दक्षिण अमेरिकेतले केमन हे त्यांचे जवळचे भाऊबंद. भारतात मोकळ्या नदीनाल्यात ॲलिगेटर नाही. आपल्याकडे तीन प्राणी आहेत : गोड्या पाण्यातली मगर, किनाऱ्यावरच्या खाड्यांत राहणारी खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांबसडक, चिंचोळ्या तोंडाचा घडियाल. घडियालाच्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून त्याचं नाव पडलं. काही मराठी पुस्तकं त्यालाच सुसर म्हणतात. पण घडियाल म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचा रहिवासी, आज सगळ्यांत जास्त चंबळमध्ये सापडणारा. आजी डोहाचं नाव घ्यायची तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ती मासे पकडणारी लांब चोच नक्कीच नव्हती.

म्हणजे एक शब्द, आणि त्यावर तीन प्राण्यांचा दावा : यादीतला ॲलिगेटर, पुस्तकांतला घडियाल आणि आजीच्या डोहातली मगर.

माझा भाचा फ्लोरिडात असतो. त्याच्या इमारतीमागे एक तळं आहे. तिथल्या एका ॲलिगेटरचा फोटो त्याने पूर्वीच पाठवला होता, "मावशी, आमच्या मागच्या अंगणात मगर!" तो फोटो मी आता पुन्हा काढून नीट पाहिला. काळपट, जवळजवळ काळंच अंग. तोंड रुंद आणि पुढे गोलसर, फावड्यासारखं. मिटलेल्या जबड्यातून वरचे दात तेवढे खाली डोकावत होते.

पुस्तकांत पहिला नियम दिलेला असतो तो तोंडाचाच. फावड्यासारखं रुंद असेल तर ॲलिगेटर, नांगराच्या फाळासारखं पुढे निमुळतं असेल तर मगर. माझ्या २७व्या पानावरही हेच छापायचं होतं. अडचण अशी की आपली भारतातली मगर हा नियम मोडून बसली आहे. मगरींच्या खऱ्या कुळातल्या सगळ्या जातींत तिचं तोंड सर्वांत रुंद. वरून पाहिलं तर ते ॲलिगेटरच्या वळणावर जाणारं. नाशिकच्या एखाद्या मुलाने हे पुस्तक वाचून ताडोब्याच्या तळ्यातली नाहीतर चिपळूणच्या वाशिष्ठीतली मगर पाहिली, तर तो छातीठोकपणे तिला ॲलिगेटर म्हणेल. दोष त्या मुलाचा नसेल. परक्या पाण्यातला नियम आम्ही त्याच्या हातात दिला असेल.

भरवशाची खूण दातांत आहे. ॲलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या जबड्यातल्या खळग्यांत जाऊन बसतात, बाहेरून दिसत नाहीत. मगरीचे दोन्ही जबडे साधारण सारख्या रुंदीचे, त्यामुळे दात एकमेकांत गुंततात. त्यातही खालचा चौथा दात मोठा. वरच्या जबड्याला बाजूने एक खाच असते, तिच्यातून तो मिटल्या तोंडीही ठळक दिसत राहतो. तो एक दात दिसला की नाव पक्कं.

तो मी पाहिला औदुंबरला.

माघात आप्पांना दत्ताच्या दर्शनाला घेऊन गेले होते. दर्शन झालं, प्रसाद झाला. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं, म्हणून नावेत बसायच्या आधी नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, "उन्हं वर येऊ द्या ताई, मग बाहेर येतात." साडेदहाच्या सुमाराला पलीकडच्या मळीच्या उतारावर ती होती. मला आधी ओंडका वाटला. मातकट, करड्या रंगाची, दहा फूट तरी असेल. जबडा वासून निवांत पडलेली. ती अशी तोंड उघडं ठेवते, ते अंगाची ऊब सांभाळायला. बऱ्याच वेळाने तिने तोंड मिटलं, आणि मी दुर्बिणीतून पाहिलं. होता. खालचा दात वर आलेला, पिवळट, स्वच्छ दिसणारा.

आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "ही सुसर."

नावाडी हसून म्हणाला, "मगर म्हणा बाबा. सुसर छोटी असते."

"आमच्याकडं हिलाच सुसर म्हणतात," आप्पा म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस नावेच्या कडेला हात घट्ट धरून त्या प्राण्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा ओसरीवरच्या आजीसारखा दिसत होता.

घरी आल्यावर मी शब्दाच्या मागे लागले. आणि जे मिळालं त्याने मला फार आनंद झाला, इतका की रात्री अकरा वाजता आप्पांना उठवून सांगावंसं वाटलं.

माकड आणि मगर यांची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. बायकोला माकडाचं काळीज हवं असतं, मगर मित्राला पाठीवर घेऊन निघते, मधल्या पाण्यात खरं सांगते, आणि माकड म्हणतं, अरेरे, काळीज तर झाडावरच राहिलं. पंचतंत्रात या गोष्टीतलं झाड जांभळाचं आहे आणि प्राण्याचं नाव आहे मकर. त्या मकराचीच प्राकृतातून आपली मगर झाली. पण हीच गोष्ट पाली जातकांतही, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतही, आहे, २०८ व्या क्रमांकाची, आणि तिचं नाव 'सुंसुमार जातक'. संस्कृतातला शिशुमार, पालीतला सुंसुमार, आणि मराठीतली सुसर. हिंदीत त्याच शिशुमाराची 'सूंस' झाली. ती मात्र गंगेतल्या डॉल्फिनला म्हणतात. एकाच शब्दाने वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळा जीव धरला. मराठीच्या वाट्याला मगर आली.

गोष्ट एक, प्राणी एक. एका सांगणाऱ्याने त्याला मकर म्हटलं, दुसऱ्याने सुंसुमार. दोन्ही शब्द चालत चालत मराठीत आले आणि शेजारी राहिले. आजी चुकली नव्हती. आप्पाही चुकले नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना अंगावर काटा आला. जातकातलं माकड काळीज टांगलेलं झाड दाखवतं, ते जांभळाचं नाही, उंबराचं आहे. सुटका झाल्यावर ते म्हणतं, पलीकडचे आंबे नकोत, जांभळं नकोत, फणस नकोत, मला माझा औदुंबरच बरा. कृष्णाकाठच्या औदुंबरचा आणि त्या गोष्टीचा काही संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. पण मी नुकतीच तिथून आले होते. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना आता दर वेळी मनात येतं, की पावसाळ्यात इथे मुक्कामाला राहिलेल्या भिक्खूंपैकी कुणी ही गोष्ट दुसऱ्याला सांगितली असेल का.

मग ॲलिगेटर या शब्दाशी सुसर कुणी बांधली? माझा कयास असा. ॲलिगेटर हा मूळचा स्पॅनिश बोल, 'एल लागार्तो', म्हणजे सरडा. अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश लोकांनी तो अवाढव्य सरडा पाहून तसं म्हटलं आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचा ॲलिगेटर झाला. पुढे हिंदुस्थानात आलेले इंग्रज इथल्या मगरींनाही सर्रास ॲलिगेटरच म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या लिखाणात हे जागोजागी दिसतं. तेव्हा त्यांनी आपल्या नदीकाठी बोट दाखवून विचारलं असणार, याला काय म्हणता? कुणी मगर म्हणालं, कुणी सुसर. दोन इंग्रजी शब्द, दोन मराठी शब्द, समोरासमोर जोड्या लागल्या. नंतर शास्त्राने इंग्रजी शब्द आपापल्या जागी नेऊन ठेवले, पण आपल्या यादीत सुसर त्या परक्या खुंटीला तशीच टांगलेली राहिली.

म्हणींनाही विचारून पाहावं. "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!" ही म्हण कुणी केली असेल? जिच्या पाठीचा अनुभव होता त्यानेच. मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांखाली हाडांचे तुकडे असतात, ओळीने बसवलेल्या फरशीसारखे. तिच्या अंगात सगळ्यांत टणक जागा ती. म्हणून तर तिला मऊ म्हणणं ही खरी लाचारी. जिच्या तोंडाशी आपला जीव अडकलाय तिचं कौतुक करत नदी ओलांडायची. हे मिसिसिपीच्या काठी बसून सुचलेलं नाही. आपल्याच एखाद्या उतारावर सुचलेलं आहे.

'नक्राश्रूं'चं मात्र उलट झालं. नक्र म्हणजे मगर, आणि तिच्या खोट्या रडण्याची कथा जुनी. २००७ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी जमिनीवर खाऊ घालताना हे प्राणी निरखले, तेव्हा डोळ्यांत पाणी, कधी फेसही, खरोखर आलेला दिसला. पण तिथे जमिनीवर खायची सवय लावलेले होते ते ॲलिगेटर आणि केमन. नाव मगरीचं, साक्ष चुलतभावाची. दुःखाशी त्या अश्रूंचा संबंध नाही, हे सांगायला नकोच.

'मगरमिठी' हा शब्द मला आणखी आवडू लागला आहे. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड. उघडणारे स्नायू इतके दुबळे, की मिटलेलं तोंड दोरीच्या दोन वेढ्यांनी बंद ठेवता येतं. आणि त्याच जबड्यात आई नुकती फुटलेली पिल्लं अलगद उचलून पाण्यात नेते. ॲलिगेटर हे करते, मगरही करते. आपल्या मगरीत तर बापही पिल्लं वाहून नेताना पाहिला गेला आहे, चेन्नईजवळच्या मगर उद्यानात. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं हे उद्यान. कातड्यासाठी मारून मारून देशातल्या मगरी विरळ झाल्या होत्या, त्या काळातलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९७५ चा मगर संवर्धन प्रकल्प झाला नसता, तर औदुंबरच्या त्या उतारावर मी फक्त ओंडकाच पाहिला असता.

बाकीचे फरक पुस्तकात दोन ओळींत येतात, ते येऊ देत. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी चालू असतात, ॲलिगेटरला ते नीट साधत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यातली मगर समुद्र ओलांडू शकते आणि ॲलिगेटर गोड्या पाण्याला धरून राहतो. मगरीच्या अंगभर, जवळजवळ प्रत्येक खवल्यावर, पाण्याची हालचाल टिपणारा एक बारीक ठिपका असतो; ॲलिगेटरला तो जबड्यांभोवतीच. कातड्याचे व्यापारी याच ठिपक्यावरून माल ओळखतात. ॲलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते, आपली मगर काठावर खड्डा खणते. दोघींच्याही अंड्यांत पोर मुलगा की मुलगी, हे घरट्याची ऊब ठरवते.

थंडीची गोष्ट मात्र दोन ओळींत संपवावीशी वाटत नाही, कारण ती निफाडला येऊन भिडते. अमेरिकेत तळं गोठतं तेव्हा ॲलिगेटर नाकाचं टोक बर्फावर काढून खाली निश्चल राहतात, बर्फ वितळेपर्यंत. मगरींना एवढी थंडी झेपत नाही. आपली मगर काय करते? बीळ खणते. पारा ५ अंशांखाली गेला किंवा ३८ च्या वर चढला की ती काठातल्या बिळात शिरते. निफाडचा हिवाळा ज्याने काढलाय त्याला हे आकडे कळतील. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात, आणि एप्रिल उजाडला की तोच पारा ३८ च्या पुढे. त्या डोहात कधी सुसर राहिलीच असेल, तर तिने वर्षातून दोनदा माती उकरली असेल. आजीने ज्याला तिचं घर म्हटलं ते पाणी नसून काठातलं एखादं भोक असेल.

आणि हे दोन्ही वंश वेगळे कधी झाले? आठ कोटी वर्षांच्याही आधी. आपण नाशिककर ब्रह्मगिरीकडे बघून आदिकाळ म्हणतो. तो काळा दगड लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोदावरी ज्या खडकातून उगम पावते तो खडक थिजायच्या आधीच मगर आणि ॲलिगेटर आपापल्या वाटेने निघून गेले होते. इतकं जुनं वेगळेपण आपण एका यादीतल्या घाईने पुसून टाकावं, हे मला पटेना.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते," असं आई रोज म्हणायची आणि रामकुंडावर जायची. गंगेचं वाहन मकर. रामकुंडाजवळचं गंगा-गोदावरीचं देऊळ बारा वर्षांनी, सिंहस्थात उघडतं. या नदीला तिच्या वाहनाचं नाव देताना तरी आपण नीट असावं, एवढंच मला वाटत होतं.

प्रकाशनाला मी लांब पत्र लिहिलं. २७व्या पानावर 'ॲलिगेटर' हाच शब्द ठेवावा; तो प्राणी इथला नाही, त्याचं नावही इथलं नसलं तर बिघडत नाही, मुलांना तो शब्द कळतो. आणि २६व्या पानावर 'मगर किंवा सुसर' असं असावं. तोंडाच्या रुंदीचा नियम काढून चौथा दात द्यावा. उत्तर आलं, की दाताचं मान्य आहे, पण २७व्या पानावरच्या चौकटीत 'ॲलिगेटर' मावत नाही, 'सुसर' बरोबर मावतं. मी फोन केला. मांडणी करणाऱ्या मुलीला आजीची, डोहाची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, चौकट थोडी रुंद करते."

पुस्तक आलं त्या संध्याकाळी आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, २६वं पान काढलं, शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मग कितीतरी वेळ चित्र पाहत राहिले.

"पाणी उथळ काढलंय," ते म्हणाले. "डोह असा नसतो. डोहाचा तळ दिसत नाही."